मानेतली गाठ, मणक्यातला पुरावा

हाडात घातलेल्या सुईतून थायरॉइडच्या पेशी बाहेर आल्या, तर त्याचा अर्थ एकच निघतो: थायरॉइडचा कॅन्सर आहे आणि तो हाडापर्यंत पोचला आहे. त्याच पेशी त्याच सुईने मानेतल्या गाठीतून काढल्या असत्या, तर पॅथॉलॉजिस्टला अहवाल हात राखून लिहावा लागला असता. कॅन्सर असेल, नसेलही, गाठ काढल्यावर सांगू, असं. मानेत जे कोडं सुटत नाही ते मणक्यात किंवा खुब्यात सुटतं. ही गोष्ट आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यांपर्यंत पुरेशी पोचलेली नाही. नांदेडपासून तासा-दीड तासावरच्या हदगावसारख्या गावातल्या रुग्णाच्या दृष्टीने तिला फार मोल आहे, म्हणून हा आढावा.

थायरॉइड ग्रंथी बारीक, गोल पिशव्यांची बनलेली असते. पिशवीच्या भिंतीत पेशींची एकच रांग आणि आत कोलॉइड नावाचा दाट द्रव. ग्रंथीत साधी गाठ झाली तरी तिच्यात अशाच पिशव्या असतात आणि फॉलिक्युलर प्रकारचा कॅन्सर झाला तरी बऱ्याचदा अशाच. पेशींच्या चेहऱ्यावरून दोन्ही ओळखता येत नाहीत. फरक असतो तो वागण्यात. कॅन्सरच्या पेशी गाठीभोवतीचं कवच भेदतात किंवा रक्तवाहिनीत शिरतात. सुईतून पेशी येतात, कवच येत नाही. त्यामुळे असा नमुना मानेतून आला की अहवालात ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’ असं लिहिलं जातं. 2007मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे तज्ज्ञांनी बसून थायरॉइडच्या सुई-तपासणीचे सहा वर्ग ठरवले, त्यात हा चौथा. या वर्गातल्या साधारण चारांपैकी एकात ते तिघांपैकी एकात पुढे कॅन्सर निघतो. तो निघतो की नाही हे ग्रंथीचा तो भाग काढून, कवचाचे कितीतरी काप तपासल्यावरच कळतं.

हाडात मात्र थायरॉइडच्या पेशींना काही काम नाही. एखादा माणूस आपल्या घरात बसलेला दिसला तर कोणी काही विचारत नाही; तोच मध्यरात्री दुसऱ्याच्या माडीवर सापडला की त्याच्या चेहऱ्यावरून काही ठरवायची गरज उरत नाही. हाडातल्या पेशी कितीही शांत, कितीही साध्या दिसल्या तरी त्या रक्तवाहिनीत शिरल्याशिवाय तिथे पोचलेल्याच नसतात. मानेतल्या सुईला जो पुरावा मिळत नव्हता, तो इथे जागेनेच दिलेला असतो.

हे समजायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. युलियस कोनहाइम या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 1876मध्ये एका साध्या दिसणाऱ्या गलगंडाची नोंद केली. तो शरीरात दूरवर पसरलेला होता, आणि पसरलेल्या ठिकाणीही सूक्ष्मदर्शकाखाली अगदी निरोगी ग्रंथीसारखाच दिसत होता. त्यानंतर कित्येक दशकं ‘सौम्य पण पसरणारा गलगंड’ अशी कल्पना पुस्तकांतून चालत राहिली. डोळ्यांना पेशी सौम्य दिसत, म्हणून रोगही सौम्य मानण्याचा मोह होई. आज ती कल्पना मोडीत निघाली आहे; ते सगळे फॉलिक्युलर कॅन्सरच होते. पण तिची सावली एका ठिकाणी अजून दिसते. पंधरा वर्षांपूर्वी ‘साधी गाठ’ म्हणून थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाची आज कंबर दुखते, तेव्हा त्या जुन्या गाठीचा विचार कोणाच्याच मनात येत नाही.

थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये ऐंशी टक्क्यांहून जास्त रुग्ण पॅपिलरी प्रकारचे असतात. तो प्रकार सहसा मानेतल्या लसीका गाठींकडे जातो, हाडात क्वचित. फॉलिक्युलर प्रकार रक्तातून प्रवास करतो, म्हणून फुप्फुस आणि हाडं ही त्याची ठरलेली ठिकाणं; वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नोंदींमध्ये या प्रकारच्या 7 ते 28 टक्के रुग्णांत हाडं धरलेली आढळली आहेत. आहारात आयोडिन कमी असलेल्या मुलखात फॉलिक्युलर कॅन्सरचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962मध्ये सुरू झाला. आज साठीत असलेल्या पिढीचं बालपण मात्र बिगर-आयोडिनच्या खड्याच्या मिठावरच गेलं, हे डॉक्टरांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

ज्या हाडांत मोठ्या वयातही लाल मज्जा टिकून असते तिथे हा रोग रुजतो: मणके, कंबरेचं हाड, बरगड्या, छातीचं मधलं हाड, कवटी, मांडीच्या हाडाचा वरचा भाग. तो हाड पोखरतो, नवं हाड फारसं घालत नाही, आणि रक्ताने गच्च असतो. कवटीवर किंवा छातीवर आलेली अशी गाठ कधी कधी बोटांखाली नाडीसारखी उडताना जाणवते. बऱ्याच रुग्णांत हाडाचं दुखणं किंवा फ्रॅक्चर हेच पहिलं लक्षण असतं. मानेतली गाठ इतकी लहान असते की घरच्यांनाही दिसलेली नसते.

आता हदगावकडे येऊ. पैनगंगेच्या अलीकडच्या या तालुक्यात कापूस, सोयाबीन, हळद ही पिकं. वेचणी असो की काढणी, बायकांचा दिवस वाकून जातो. पन्नाशी उलटलेल्या बाईची पाठ दुखते ही कोणाला बातमी वाटत नाही. आधी मेडिकलवरच्या गोळ्या, मग इंजेक्शन, मग एक्स-रे बघून कोणीतरी सांगतं, ‘मणक्यात गॅप आहे.’ पट्टा मिळतो. रात्री झोपेतून उठवणारं, पडून राहिलं तरी न थांबणारं दुखणं हे कामाच्या दुखण्यापेक्षा वेगळं असतं; हे तसं आहे का, हा प्रश्न विचारला जातोच असं नाही. पायातली ताकद कमी व्हायला लागली की नांदेड गाठलं जातं, एमआरआय होतो, आणि अहवालाच्या शेवटच्या ओळीत दोन शक्यता येतात: टीबी किंवा कुठूनतरी पसरलेला कॅन्सर.

इथे वाट फुटते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची जागा हीच. आपल्या भागात मणक्याचा टीबी खरोखरच पुष्कळ आहे, म्हणून ‘आधी टीबीचा कोर्स चालू करू, बघू फरक पडतो का’ असं म्हणणं डॉक्टरला सोपं जातं आणि नातेवाइकांनाही दिलासा देतं. कॅन्सर हा शब्द टळतो. टीबी बहुधा दोन मणक्यांमधली चकती खातो, आणि पसरलेला कॅन्सर चकती सोडून मणक्याचा मागचा दांडा धरतो, एकापासून लांब असलेले वेगळे मणके धरतो. पण हा नियम नाही, कल आहे. त्याच्या भरवशावर वर्षभराची औषधं सुरू करणं मला पटत नाही. हाडाच्या टीबीत गुण येतो की नाही हे कळायलाच काही महिने जातात. कॅन्सर असेल तर तेवढ्यात मज्जारज्जू दाबला जाऊन पाय कायमचे जाऊ शकतात. नमुना घेतल्यावर मात्र दोन्ही प्रश्न एकाच दिवशी तपासायला जातात. सुईतला थोडा भाग स्लाइडवर, थोडा टीबीच्या सीबीनॅट आणि कल्चरसाठी.

सुईविरुद्ध सर्वांत मोठा अडथळा पैशाचा नसतो, भीतीचा असतो. ‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य मराठवाड्यात शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येतं. जवळचंच कोणी सांगतं की अमक्याची तब्येत सुईनंतरच ढासळली. तब्येत ढासळत होती म्हणूनच सुई लावायची वेळ आली, हा क्रम उलटा होऊन बसतो. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत, पण बारीक सुईच्या बाबतीत ती फारच विरळ आहेत. आणि रोग हाडात पोचलेला असेल तर तो आधीच पसरलेला असतो. एक इशारा मात्र खरा आहे. तरुण रुग्णाच्या हाडात एकच गाठ असेल आणि ती हाडातच सुरू झालेल्या कॅन्सरची असण्याचा संशय असेल, तर सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवावं लागतं, कारण ती वाट नंतर गाठीबरोबर काढून टाकायची असते. तिथे घाई करून कोणीही कुठूनही सुई घालू नये.

हाडातून बारीक सुईने पेशी काढण्याची कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी 1930मध्ये गाठींमधून सुईने पेशी ओढण्याची पद्धत मांडली आणि पुढच्याच वर्षी तिथून हाडांच्या गाठींवरचा निबंध आला. पुढे स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत ती बारीक सुईवर आणली गेली आणि जगभर पसरली.

हाड कठीण, मग इंजेक्शनच्या जाडीची सुई आत जाईल कशी, हा प्रश्न रुग्ण विचारतातच. थायरॉइडचा कॅन्सर हाड आतून पोखरतो, त्यामुळे वरचा कठीण थर बऱ्याच जागी अंड्याच्या कवचाइतका उरतो किंवा नाहीसाच होतो. बरगडी, कवटी, छातीचं हाड, कंबरेच्या हाडाची कड इथे बोटाने चाचपून 22 किंवा 23 नंबरची सुई थेट आत जाते. जागा बधिर करायला लिग्नोकेन पुरतं. मणक्यासाठी रुग्णाला सीटी मशीनमध्ये पालथं झोपवून, चित्रात बघत बघत सुई नेतात. हाड शाबूत असेल तर जाड, पोकळ सुईने हाडाची बारीक कांडी काढावी लागते. प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी आधी करून घेतलेली असते, कारण या गाठी रक्ताने भरलेल्या असतात. त्यामुळेच अनुभवी माणूस सिरिंज जोरात ओढत नाही. ओढलं की नुसतं रक्त येतं आणि पेशी त्यात हरवतात. सिरिंज न लावता सुई दोन-चारदा आत हलवली तरी सुईच्या पोकळीत पुरेशा पेशी चढतात.

पुढची दोन मिनिटं फार मोलाची असतात. सुईतला थेंब काचेवर टाकून दुसऱ्या काचेने पसरतात. काही स्लाइड हवेत वाळवतात आणि गिम्साच्या रंगात रंगवतात; काही ओल्या असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवतात आणि पॅपनिकोलाउ पद्धतीने रंगवतात. अल्कोहोलला अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तरी पेशींची केंद्रकं फुगून पुसट होतात. सुईत उरलेला ऐवज आणि गोठलेल्या रक्ताच्या बारीक गुठळ्या फॉर्मेलिनमध्ये जातात, त्यांचा मेणात ‘सेल ब्लॉक’ होतो. माझ्या मते तालुका आणि जिल्हा पातळीवर सर्वांत जास्त नुकसान याच बाटलीअभावी होतं. स्लाइड केल्या, बाकीचं सुईबरोबर फेकून दिलं, आणि मग पुढच्या रुग्णालयात खास तपासण्यांना नमुना उरला नाही म्हणून पुन्हा सुई. हाडाची कांडी काढली असेल तर ती मऊ करायला आम्लात ठेवावी लागते, त्यात जनुकीय तपासण्यांचं साहित्य खराब होतं. म्हणून मऊ भाग आधीच वेगळ्या बाटलीत काढावा.

स्लाइड वाचणारा काय बघतो? हवेत वाळवलेल्या स्लाइडवर रक्ताच्या पार्श्वभूमीत निळसर-गुलाबी कोलॉइडचे तुकडे, आणि त्यांच्याभोवती एकसारख्या गोल केंद्रकांच्या पेशींची छोटी छोटी कडी. हाडातल्या नमुन्यात हे चित्र दिसलं की थायरॉइड मनात यायलाच हवं. पॅपिलरी प्रकारात केंद्रकांवर कॉफीच्या बीसारखी खाच आणि आत पोकळीसारखा फिकट गोल दिसतो. मेड्युलरी प्रकार थायरॉइडच्याच दुसऱ्या पेशींपासून होतो. त्याला कॅल्सिटोनिनची तपासणी लागते आणि त्याच्या उपचाराचा मार्गही वेगळा.

फसगत होऊ शकते. मूत्रपिंडाचा कॅन्सरही हाडात जातो, तोही रक्ताळ असतो आणि तोही कधी कधी पिशव्यांसारखी रचना करतो. फुप्फुस, स्तन, प्रोस्टेट यांच्या पेशीही कडी करतात. मज्जेतल्या मायलोमाच्या पेशी काही वेळा थायरॉइडच्या एका प्रकारासारख्या दिसतात. इथे सेल ब्लॉक कामाला येतो. त्यावर थायरोग्लोब्युलिन, टीटीएफ-1 आणि पॅक्स-8 असे रंग लावतात. टीटीएफ-1 फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही उमटतो, पॅक्स-8 मूत्रपिंडाच्या. थायरोग्लोब्युलिन मात्र थायरॉइडखेरीज दुसरं कोणी बनवत नाही. तिन्ही एकत्र जमले की शंकेला जागा राहत नाही. पेशी कमी आल्या असतील तर सुई सलाइनने धुऊन त्या पाण्यातलं थायरोग्लोब्युलिनही मोजता येतं.

अहवालात ‘फक्त रक्त, नमुना अपुरा’ असं आलं, तर त्याचा अर्थ कॅन्सर नाही असा मुळीच नाही. हे वाक्य नातेवाइकांना समजावून सांगणारं कोणीतरी हवं. घरी जाऊन ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि बाई तीन महिन्यांनी स्ट्रेचरवर परत येते. अशा वेळी पुन्हा सुई, किंवा जाड सुई, हाच मार्ग. लघवी अडली, पाय उचलेनासे झाले तर तपासण्यांची वाट बघत बसायचं नसतं. मज्जारज्जूवरचा दाब काढायचं ऑपरेशन तातडीने करतात आणि नमुना त्यातच घेतात.

रक्तातलं थायरोग्लोब्युलिन हा सोपा आणि सुईच्या मानाने बिनत्रासाचा धागा आहे. हाडांत रोग पसरलेल्या रुग्णात ते शेकड्यांनी, हजारांनी वाढलेलं सापडू शकतं. पण साध्या गलगंडातही ते वाढतं, आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात असतील तर आकडा खोटा कमी येतो. म्हणून ते दिशा दाखवतं, सुईची जागा घेत नाही. सीटीच्या बाबतीत एक खबरदारी अशी की शिरेतून देण्याच्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडिन असतं. थायरॉइडचा संशय असेल आणि कॉन्ट्रास्टशिवाय भागणार असेल तर तो टाळावा, कारण तो दिल्यावर किरणोत्सारी आयोडिनचा उपचार काही आठवडे लांबतो. सुईला वाट दाखवायला साधा सीटी पुरतो.

एवढा आटापिटा निदानासाठी का, असं कोणी विचारेल; हाडात गेलेला कॅन्सर म्हणजे संपलंच, असं मानायची सवय आहे. या कॅन्सरपुरती ती सवय चुकीची आहे. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरी हॉस्पिटलमध्ये सॅम्युएल साइडलिन यांनी 1943मध्ये थायरॉइडचा कॅन्सर पसरलेल्या एका रुग्णाला किरणोत्सारी आयोडिन दिलं. त्याची थायरॉइड ग्रंथी कित्येक वर्षांपूर्वी काढलेली होती, तरी अंगात थायरॉइडचं कार्य वाढल्याची सगळी लक्षणं होती, कारण पसरलेल्या गाठीच हार्मोन बनवत होत्या. म्हणजे त्या पेशी आयोडिन ओढत होत्या, आणि आयोडिनबरोबर किरणही. त्या रुग्णाचा वृत्तांत 1946मध्ये प्रसिद्ध झाला आणि कॅन्सरच्या उपचारात एक नवी वाट उघडली. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963पासून परळला, टाटा मेमोरियलच्या आवारात, हे काम करत आलं आहे.

आयोडिनचा उपचार चालावा म्हणून आधी मानेतली संपूर्ण ग्रंथी काढावी लागते, नाहीतर सगळं आयोडिन तीच पिऊन टाकते. मग रक्तातलं टीएसएच वाढवून मात्रा देतात आणि काही दिवस रुग्णाला विलग खोलीत ठेवतात. अशा खोल्यांना अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, म्हणून त्या मोजक्याच शहरांत आहेत. हाडातला रोग फुप्फुसातल्या रोगापेक्षा हट्टी असतो, आणि आयोडिनने तो पूर्ण गेला असं दर वेळी होत नाही. पण जोडीला रेडिएशन, हाड बळकट करणारी झोलेड्रॉनिक आम्लासारखी इंजेक्शनं, गरजेप्रमाणे मणक्याचं ऑपरेशन, आणि आयोडिन न ओढणाऱ्या रोगासाठी सोराफेनिब, लेनव्हाटिनिबसारख्या गोळ्या आहेत. पुष्कळ रुग्ण वर्षानुवर्षं चालते-फिरते राहतात. यातलं काहीही निदान पक्कं झाल्याशिवाय सुरू होत नाही.

हदगावच्या रुग्णाने हे कुठे करायचं? सुईसाठी मुंबईला जायची गरज नाही. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला शासकीय महाविद्यालय आहे आणि 1966पासून सुरू असलेल्या विवेकानंद रुग्णालयाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. छत्रपती संभाजीनगरला 2012मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना 2012मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. त्यामुळे आरोग्यमित्र कुठे बसतो आणि रेशन कार्ड का लागतं हे इथल्या लोकांना माहीत आहे. तपासण्यांचं मात्र बरंचसं ओझं रुग्णाच्याच खिशावर पडतं, कारण योजना ठरलेल्या उपचाराला पैसे देते, आणि निदान होईपर्यंत उपचार ठरलेलाच नसतो. हा खड्डा बुजवायला हवा. जिल्हा पातळीवरच्या सुई-तपासणीचा आणि सेल ब्लॉकवरच्या तीन रंगांचा खर्च योजनेने उचलला, तर चुकून चाललेल्या टीबीच्या कोर्सवरचा आणि नंतरच्या अंथरुणावरच्या महिन्यांचा खर्च वाचेल.

परळची वारी टळत नाही तेव्हा माणसं तपोवन किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने निघतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर रुग्णसेवा सदनात खोली मिळाली तर मुक्काम निभतो. तिथे पोचल्यावर टाटाचे पॅथॉलॉजिस्ट बाहेरच्या अहवालावर विसंबत नाहीत, ते स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक स्वतः पुन्हा बघतात. कॅरीबॅगमध्ये फक्त एमआरआयच्या फिल्म आणि कागद घेऊन गेलेल्या रुग्णाची पुन्हा सुई होते. म्हणून नांदेड-लातूर सोडण्याआधी लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक अर्ज करून मागून घ्यावेत. ते द्यायला लॅब नकार देत नाही. मानेचं जुनं ऑपरेशन झालेलं असेल तर त्या वेळचा अहवाल आणि शक्य असेल तर तो जुना ब्लॉकही शोधावा. ‘साधी गाठ’ लिहिलेल्या त्या ब्लॉकमधून कवचाचे आणखी काप घेतले, की कितीतरी वर्षांपूर्वी रक्तवाहिनीत शिरलेल्या पेशी तिथेच दिसण्याची शक्यता असते. आणि गावातल्या डॉक्टरने हे सगळं सुरू होण्याआधी करायची गोष्ट बिनखर्चाची आहे: न थांबणारी पाठदुखी घेऊन आलेल्या बाईच्या गळ्याला हात लावून तिला एकदा आवंढा गिळायला सांगायचं, आणि गळ्यावर जुन्या टाक्यांची खूण आहे का ते बघायचं.